वाचक विचारतात: घरात एवढं बदललं, पॉलिसीला कळवलं का?

गेल्या अंकात नॉमिनीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या तर त्यावर बरीच पत्रं आली, कुणाचं लग्न झालंय, कुणी नोकरी सोडतंय, कुणाच्या घरातलं माणूस गेलंय, आणि सगळ्यांचं विचारणं शेवटी एकच की आमच्याकडे हे असं झालं, आता विम्याचं काय करायचं. पॉलिसीच्या कागदावर आपण सही केली त्या दिवशीचंच घर असतं, तेव्हाचा पत्ता, तेव्हाचा नॉमिनी, तेव्हाचं आडनाव. पुढचं आपण सांगितल्याशिवाय कंपनीला कळत नाही, आणि काही गोष्टींना तर ठराविक दिवसांची मुदत असते, ती निघून गेली की मग कितीही विनवण्या करा. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर देतेय. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, डिसेंबरमध्ये माझं लग्न झालं. माहेर नाशिक, आता पिंपळे सौदागरला राहते, आयटीत आहे. कॉलेज संपल्यावर बाबांनी एलआयसी काढून दिली होती, त्यात नॉमिनी बाबा आहेत आणि पीएफला आई आहे. सासरी सगळे म्हणतात नवऱ्याचं नाव टाक. बाबांचं नाव काढायला फार जड जातंय. काढावंच लागतं का? आडनाव अजून बदललेलं नाही.

काढावंच लागतं असं अजिबात नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीत नॉमिनी कोण हे तुम्ही ठरवायचं, लग्न झालं म्हणून बाबांचं नाव रद्द होत नाही. पण एक लक्षात घ्या, २०१५ मध्ये विमा कायद्याचं कलम ३९ बदललं, तेव्हापासून आई, वडील, नवरा, बायको किंवा मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर पैसे त्यांच्याच हक्काचे होतात. पूर्वी नॉमिनी म्हणजे पैसे घेऊन वारसांना देणारा माणूस असं धरत, आता घरच्या या माणसांसाठी तसं राहिलं नाही, त्यामुळे तिथे नाव कुणाचं आहे याला खरंच अर्थ आहे. दोघांची नावं टाकता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं, बाबांना अर्धं नवऱ्याला अर्धं असं केलंत तर कुणाचंच मन मोडणार नाही. शाखेत फॉर्म द्या आणि बदल नोंदवल्याचं लेखी घ्या, नुसता फॉर्म देऊन घरी येऊ नका.

पीएफची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ही बहुतेकांना माहीतच नसते. पीएफच्या योजनेत स्पष्ट लिहिलंय की लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झाल्यावर बाद होतं. म्हणजे आईचं नाव आज पोर्टलवर दिसत असलं तरी कागदोपत्री ते उरलेलं नाही, नवीन नॉमिनेशन करायलाच हवं. ते घरातल्याच माणसांना करता येतं, नवरा आणि मुलं त्यात येतात, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील येतात, आणि बाईच्या बाबतीत नवऱ्यावर अवलंबून असलेले सासूसासरेही येतात. ऑनलाइन ई-नॉमिनेशन होतं, नॉमिनीचं आधार आणि फोटो जवळ ठेवून बसा.

आडनाव बदलायची कुणी सक्ती करू शकत नाही, विमा कंपनी तर नाहीच. पण जे ठरवाल ते आधार, पॅन, बँक आणि पॉलिसी सगळीकडे एकच ठेवा, कारण एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं झालं की क्लेमच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये नवऱ्याला घ्यायचं असेल तर एचआरला आजच विचारा, बऱ्याच ठिकाणी लग्नानंतर महिनाभराचीच मुदत असते आणि ती चुकली तर पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं.

आणि जाता जाता, नवरा नवीन टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घेणार असेल तर तो १८७४ च्या मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्टखाली घ्यायचा का यावर दोघांनी बोलून घ्या. तसा घेतला तर ते पैसे बायको आणि मुलांसाठीच राखीव होतात, नवऱ्याने धंद्यात ज्यांचे पैसे द्यायचे आहेत ते त्याला हात लावू शकत नाहीत. पण हे पॉलिसी काढतानाच सांगावं लागतं, नंतर नाही.

मॅडम, मी ठाण्यात एका कंपनीत सहा वर्षं आहे, पुढच्या महिन्यात नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करतोय. आई ७१ वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्ही. तिचा ऑफिसच्या मेडिक्लेमशिवाय दुसरा विमा नाही. बाहेर चौकशी केली तर एजंट म्हणतो या वयात शुगरसकट कोण घेणार. काय करू?

राजीनाम्याची तारीख ठरली असेल तर हे काम त्याच्या आधी, नंतर नाही. ऑफिसची ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या कामाच्या दिवशी संपते, दुसऱ्या दिवशी आईला अ‍ॅडमिट करावं लागलं तर तिच्या नावावर काहीच नसेल.

नव्याने पॉलिसी मागायला जाऊ नका, एजंट तुम्हाला त्याच रस्त्याचं उत्तर देतोय. तुम्हाला मायग्रेशन हवंय. ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) पॉलिसीत जाता येतं, तशी आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमात सोय आहे. आणि याचा खरा फायदा प्रीमियममध्ये नाही, वेटिंग पिरियडमध्ये आहे, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळायला जितका काळ थांबावं लागतं त्यात. नवीन पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं, आधी ही मर्यादा चार वर्षं होती, ती २०२४ मध्ये कमी झाली. तुमची आई ग्रुपमध्ये सलग जितकी वर्षं होती तितकी वर्षं या थांबण्यातून वजा होतात, म्हणजे ती सहाही वर्षं तुमच्याबरोबर असेल तर शुगर बीपीसाठी पुन्हा थांबायचं कारण उरत नाही. फक्त हे जुन्या रकमेपुरतं. ऑफिसमध्ये तीन लाखांचं कव्हर होतं आणि आता तुम्ही दहा घेतलं तर वरच्या सात लाखांना नवीन वेटिंग लागू शकतं.

कंपनी तपासण्या करायला सांगेल, प्रीमियम ऑफिसच्या मानाने खूपच जास्त वाटेल, वयच तसं आहे. थोडासा दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. एचआरकडून सगळ्या वर्षांची ई-कार्डं आणि पॉलिसीची प्रत आत्ताच मागून घ्या, मधे ऑफिसने विमा कंपनी बदलली असेल तर जास्तच, कारण एकदा ऑफिसचा मेल आयडी बंद झाला की हे कागद मिळवणं महाकठीण. फॉर्ममध्ये शुगर, बीपी, चालू गोळ्या सगळं खरं लिहा, एजंट म्हणेल नका लिहू तरी लिहा. लपवल्याचं पहिल्या पाच वर्षांत निघालं तर क्लेम तर जातोच, पॉलिसीसुद्धा जाऊ शकते.

याच्या जोडीला आईचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. सत्तरच्या वरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या हॉस्पिटलात मिळतात आणि जुन्या आजारांना वेटिंग नाही. घरात दुसरा कुणी सत्तरीचा असेल तर ती रक्कम दोघांत मिळून. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड निघतं, त्यामुळे एक काढलं म्हणून दुसरं सोडायचं नाही. जवळपासची कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत ते मात्र आधी बघून ठेवा, इमर्जन्सीत शोधत बसायला नको.

आमच्या ह्यांना जाऊन दोन महिने होतील, हार्ट अटॅकने गेले. घरी कार आणि अ‍ॅक्टिव्हा आहे, दोन्ही त्यांच्याच नावावर. मुलगा कार चालवतो. शेजारचे म्हणतात मालक गेला की इन्शुरन्स संपला. त्यांच्या कुठल्या पॉलिसी होत्या तेही मला नीट माहीत नाही, सगळं तेच बघायचे. (सातारा)

वहिनी, तुम्ही या दिवसांत बसून पत्र लिहिलंत, तुमच्यासाठी शक्य तितकं सोपं करून सांगते.

गाडीचा इन्शुरन्स मालक गेल्यावर लगेच संपत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने तो चालू राहतो, किंवा त्याची मुदत आधीच संपत असेल तर तेवढ्यापर्यंत. म्हणजे तुमच्या हातात साधारण एकच महिना आहे. आरटीओकडे वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ असतो, त्याचीही मुदत तीन महिन्यांचीच, आणि मालक गेल्याचं ३० दिवसांत कळवायचं असतं, ते राहिलं असेल तर अजून उशीर न करता जा. कुणाच्या नावावर करायची ते घरात ठरवा, मृत्यूचा दाखला, आरसी, बाकी वारसांची संमती, चालू पॉलिसी हे घेऊन मुलालाच पाठवा, आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीकडे मृत्यूचा दाखला आणि पॉलिसी देऊन नाव बदलायचा अर्ज टाका. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सवलत, तो नो क्लेम बोनस, एरवी गाडीबरोबर दुसऱ्याकडे जात नाही, पण मालक गेल्यावर गाडी बायको, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर तो त्यांना मिळू शकतो. हे कंपनी स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा.

आता त्यांच्या पॉलिसी. कपाट उचकटण्याआधी त्यांच्या सगळ्या बँकांची पासबुकं भरून आणा आणि ओळीन् ओळ बघा. मे किंवा जूनमध्ये ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात, नोंदणी पन्नाशीच्या आत झालेली असते आणि कव्हर ५५ पर्यंत चालतं. फक्त २० रुपये कापलेले असतील तर ती सुरक्षा विमा योजना, ती अपघातापुरती आहे, तुमच्या बाबतीत लागू होणार नाही. क्लेमचा फॉर्म त्याच बँकेत मिळतो. दर महिन्याला किंवा वर्षाला ठराविक तारखेला एकच रक्कम जात असेल तर ती कुठे जाते ते बँकेला विचारा, त्यातूनच एलआयसी किंवा टर्म प्लॅन सापडतात. घरावर कर्ज असेल तर बँकेला लेखी विचारा की कर्जाबरोबर विमा होता का, खूप जणांना तो घेतल्याचं आठवतच नाही आणि घरचे हप्ते भरत राहतात.

ते नोकरीत असतानाच गेले असतील आणि पीएफ कापला जात असेल तर पीएफच्या पैशांखेरीज ईडीएलआयचा विमाही असतो, पगार आणि नोकरीच्या काळाप्रमाणे तो जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत जातो. त्याचा वेगळा हप्ता पगारातून कापला जात नाही म्हणून तो कुणाला माहीत नसतो. ऑफिसमध्ये जाऊन नाव घेऊन विचारा, पेन्शनचंही तिथेच कळेल.

बाळ झालं, सिझेरियन ऑफिसच्या पॉलिसीत झालं. बाळाचं नाव अजून ठरलं नाही, बारसं झाल्यावर पॉलिसीत टाकलं तर चालेल ना?

नका थांबू. 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असं लिहून बाळ नोंदवता येतं, हॉस्पिटलचा जन्माचा कागद पुरतो, नाव नंतर बदलता येतं. ऑफिसच्या पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून बाळाला कव्हर असतं पण नोंदणी ठराविक दिवसांतच करावी लागते. स्वतःच्या वेगळ्या फॅमिली फ्लोटरमध्ये मात्र बऱ्याच कंपन्या ९० दिवसांनंतरच बाळाला घेतात, तेव्हा कावीळ किंवा एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) यांसारखा पहिल्या दिवसांतला खर्च ऑफिसच्याच पॉलिसीवर अवलंबून असतो.

घटस्फोटाचा निकाल गेल्या वर्षी लागला. मुलगा नऊ वर्षांचा, माझ्याकडे असतो. माझ्या दोन्ही पॉलिसींत नॉमिनी अजून आधीचा नवराच आहे, आता कोर्टाचा कागद असल्यावर ते आपोआप गेलं असेल ना? (कोल्हापूर)

नाही गेलं. कोर्टाचा हुकूम विमा कंपनीपर्यंत कुणी पाठवत नाही, आणि तुम्ही लेखी कळवलेलं नसताना कंपनीने नोंदवलेल्या नॉमिनीला पैसे दिले तर कंपनी मोकळी, पुढे भांडायचं ते तुमच्या मुलाच्या बाजूने कुणीतरी कोर्टात. हे या आठवड्यात करा.

नॉमिनी म्हणून मुलाचं नाव टाका, पण तो अज्ञान आहे म्हणून अपॉइंटी द्यावा लागतो, म्हणजे मुलगा १८ चा होईपर्यंत त्याच्या वतीने पैसे कोण घेणार तो माणूस. इथे विचार करून नाव द्या, आई फार वयस्कर असतील तर भाऊ किंवा बहीण, आणि त्यांना सांगून. ते रिकामं सोडलं तर पैसे मिळवायला पालक म्हणून कोण पुढे येणार हाच वाद होतो. मेडिक्लेम दोघांचा एकच फ्लोटर असेल तर रिन्यूअलच्या आधी कंपनीला तुमची आणि मुलाची वेगळी पॉलिसी मागा, जुनी वर्षं धरून. आणि नवऱ्याने पूर्वी मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्टखाली तुमच्या आणि मुलाच्या नावे काही पॉलिसी काढली असेल तर ती विसरून जाऊ नका, ती त्याला एकट्याला मोडता येत नाही, वकिलांना तो कागद दाखवा.

आम्ही लातूरहून नवी मुंबईत राहायला आलो. मेडिक्लेमचा पत्ता बदलायची घाई आहे का? प्रीमियम वाढेल म्हणतात.

वाढू शकतो, पण तरी बदला. बऱ्याच कंपन्यांचे शहराप्रमाणे झोन असतात, मुंबई परिसर महागड्या झोनमध्ये. लातूरच्या दराने प्रीमियम भरून नवी मुंबईत अ‍ॅडमिट झालात तर काही पॉलिसींत बिलातला काही टक्के हिस्सा तुमच्या खिशातून जातो. पॉलिसीच्या कागदात 'झोन' आणि 'को-पे' हे दोन शब्द शोधा. ते नसतील तर फक्त पत्ता, मोबाइल आणि ऑटो-डेबिटचं खातं बदलून घ्या, जुन्या शाखेतलं खाते बंद करायच्या आधी.