पिट्टी : तीन एकरांचे वाळूचे बेट

प्रश्न : लक्षद्वीपच्या नकाशात कवरत्तीच्या वायव्येस ‘पिट्टी’ नावाचा ठिपका दिसतो. जिथे नदी नाही की डोंगर नाही, तिथे वाळू येते कुठून? आणि तिथे वस्ती का नाही?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पिट्टी कवरत्तीपासून सुमारे २४ किलोमीटरवर आहे आणि त्याची जमीन जेमतेम १.२ हेक्टर, म्हणजे तीन एकरांच्या आसपास भरते. आपल्या किनाऱ्यावरची बरीचशी वाळू नद्यांनी डोंगरातून आणलेली असते. पिट्टीची वाळू मात्र समुद्रातच घडते. मेलेल्या प्रवाळांचे तुकडे, शिंपले आणि सूक्ष्मजीवांची कवचे लाटा कुटत राहतात. पोपटमासा तर चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि उरलेला दगडाचा चुरा पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. अशी चिमूटभर वाळू बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळले, तर ती फसफसते, कारण ती चुनखडीची आहे. नदीने आणलेली गारेची (क्वार्ट्‌झची) वाळू तशीच पडून राहते. खडकावर फुटलेल्या लाटांचा जोर जिथे ओसरतो, तिथे ही वाळू साठते. पिट्टीवर ती दक्षिण टोकाला साठली आहे.

वस्ती नसण्याचे मुख्य कारण गोडे पाणी. मोठ्या बेटावर मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगते आणि कवरत्तीच्या विहिरींना तेच लागते. पण इतक्या अरुंद वाळूत ते टिकत नाही, चहूबाजूंनी समुद्रात झिरपून जाते. शिवाय भोवतालच्या खडकांमुळे होडी लावणेही अवघड आहे. ही अडचण पक्ष्यांच्या पथ्यावरच पडली, याचा मला मनापासून आनंद वाटतो : सुरय आणि नॉडी हे समुद्रपक्षी येथे मोठ्या संख्येने वीण करतात.

मात्र असे बेट कायमचे नसते, हेही सांगितले पाहिजे. वारा आणि लाटांची दिशा ऋतूनुसार पालटते, तशी वाळू सरकते, आणि खडकाकडून होणारा पुरवठा धुपीपेक्षा कमी पडला की बेट झिजू लागते. लक्षद्वीपमधल्याच बंगाराम कंकणद्वीपातील (कंकणाच्या आकाराच्या प्रवाळबेटातील) पारळी-१ या निर्मनुष्य बेटाचे क्षेत्रफळ १९६८ मध्ये ०.०३२ चौरस किलोमीटर होते. ते धुपून पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासातून पुढे आले. पिट्टी त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे, आणि सुरय आपली अंडी तिथे घालतात ती उघड्या वाळूवरच.