ख्रिश्चन सस्पेन्स आणि रोमान्स कादंबऱ्या हिंदू वाचकाला आवडतील का? मला आवडल्या, का ते सांगते

तुम्ही विचारलंय की मैत्रिणीने एक ख्रिश्चन सस्पेन्स-रोमान्स कादंबरी हातात दिलीय, घरचे म्हणतात हे धर्मप्रचाराचं पुस्तक आहे, तर हिंदू माणसाला ह्यात मजा येते का, प्रवचन फार असतं का, आणि सुरुवात कुठून करावी. मी मडगावला राहते, माहेर फोंड्याकडचं, घरात देव्हारा, श्रावणी सोमवार करणारी बाई आहे, आणि गेली अकरा वर्षं ह्या कादंबऱ्या वाचतेय. मजा येते. प्रवचन काहींमध्ये असतं, चांगल्यांमध्ये जवळजवळ नसतं. आता जरा सविस्तर लिहिते कारण ह्या विषयावर मराठीत बोलायला मला कोणी मिळत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक आंटी राहते. तिचा मुलगा बोटीवर, म्हणजे क्रूझवर केबिन साफ करायच्या कामाला होता, तिथे अमेरिकन प्रवासी वाचून झालेली पुस्तकं केबिनमध्येच सोडून उतरायचे आणि हा सुट्टीवर येताना त्यातली आईसाठी बॅगेत भरून आणायचा. चॉकलेटं, परफ्युम आणि पुस्तकं. आतल्या पानावर कुठल्यातरी गावच्या चर्चच्या लायब्ररीचा शिक्का, मागे डॉलरमधल्या किमतीचं स्टिकर. एका जूनमध्ये माझा पाय मुरगळला आणि मी पंधरा दिवस घरात, बाहेर पाऊस नुसता ओततोय, तेव्हा आंटी पिशवीभर पुस्तकं घेऊन खाली आली आणि म्हणाली, "वाचून पळय गो, राती न्हीद येवची ना," म्हणजे वाचून बघ गं, रात्री झोप येणार नाही. जाताना दारात वळून म्हणाली, "हीं बिलीव्हरांचीं पुस्तकां, पूण काणी बरी आसा."

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, बिलीव्हर म्हणजे आमच्याकडे कॅथलिक चर्च सोडून नव्या प्रार्थनापंथात गेलेली माणसं. आंटी स्वतः पक्की कॅथलिक, नोव्हेंबर संपत आला की जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, एक दिवस तरी जाणारच, त्यामुळे तिला पुस्तकातला धर्म आपला नाही हे पहिल्या पानापासून कळत होतं, आणि तरी ती रात्र रात्र जागून वाचायची. ह्या गोष्टीने मला धीर आला. ती स्वतः ख्रिश्चन असून थोडं बाहेरूनच वाचत होती, मग मी बाहेरून वाचलं तर काय बिघडलं.

आणि खरंच, ह्यातला ख्रिस्ती धर्म आणि आपण गोव्यात लहानपणापासून बघतो तो, ह्यात खूप अंतर आहे. ह्या पुस्तकांत सायबीण म्हणजे मेरीमाता नाही, घरोघरी म्हणतात ती लदीनची प्रार्थना नाही, रोजारची जपमाळ नाही, खुरसासमोर म्हणजे क्रूसासमोर पेटवलेल्या मेणबत्त्या नाहीत. पाद्री लग्न झालेला, पोरंबाळं असलेला, त्याला पास्टर म्हणतात. देऊळ म्हणजे साधा हॉल, प्रार्थना झाली की मागे टेबलावर कॉफी. आमच्याकडे फेस्त म्हणजे चर्चचा सण म्हटलं की वाइन आलीच, पण ह्या कादंबऱ्यांतला हिरो दिवसभर बंदूक घेऊन धावून आला तरी संध्याकाळी थंड चहा पितो. आणि देवाशी बोलतात ते गाडी चालवताना, भांडी घासताना, मित्राशी बोलल्यासारखं, मध्येच रागावून सुद्धा. हे शेवटचं मला फार आवडलं. माझी आजी अशीच बोलायची शांतादुर्गेशी, नैवेद्य दाखवताना भांडायची तिच्याशी.

हे असं का असतं ते मग मी शोधलं. ही सगळी बहुतेक अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका मोठ्या प्रवाहातल्या वाचकांसाठी लिहिलेली पुस्तकं, त्यांची प्रकाशनंही वेगळी, बेथनी हाऊस, टिंडेल, रेव्हेल वगैरे. १९७९ साली जॅनेट ओक ह्या कॅनडियन बाईंची 'लव्ह कम्स सॉफ्टली' आली, विधवा झालेल्या एका तरुण बाईची आणि लहान मुलगी असलेल्या विधुराची गोष्ट, ती प्रचंड खपली आणि इथे मोठा वाचकवर्ग आहे हे प्रकाशकांना कळलं. १९८६ ला फ्रँक पेरेटीची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' आली, त्यात एका छोट्या गावासाठी देवदूत आणि सैतानाचे दूत लढतात, थरारवाली बाजू तिथून जोरात सुरू झाली. आपल्याला रोमान्ससाठी माहीत असलेल्या हार्लेक्विनने १९९७ मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' नावाची ह्याच प्रकारची मालिका काढली आणि २००५ पासून त्यात सस्पेन्सची वेगळी मालिका. ह्या दोनसव्वादोनशे पानांच्या पातळ पुस्तकांनीच आंटीची अर्धी पिशवी भरलेली होती.

ह्या पुस्तकांना बंधनं असतात. शिवी नाही, बेडरूमचं दार बंद, दारू जपून. सुरुवातीला मला वाटलं मग उरलं काय. पण होतं उलट, कारण शरीर मागे ठेवलं की लेखकाला बाकी सगळं वापरावं लागतं, तो तिच्यासाठी गाडीचं दार आधी उघडतो की आजूबाजूची गच्ची आधी बघतो, तिने दिलेला कप तो कुठे ठेवतो, दोघं एका खोलीत लपलेत आणि हाताला हात लागतो एवढ्याने पान उलटताना छातीत धडधडतं. पहिलं चुंबन दीडशे पानांनंतर येतं आणि तोपर्यंत वाचणाऱ्याने ते कमावलेलं असतं.

सस्पेन्सचं मात्र वेगळं आहे, आणि हाच माझ्या मते ह्या कादंबऱ्यांचा खरा जीव. साध्या थ्रिलरमध्ये एकच प्रश्न असतो, खुनी सापडणार का, ती वाचणार का. इथे त्याच्या बरोबरीने दुसरा प्रश्न चालू असतो की सापडला तर ह्या माणसांनी त्याचं करायचं काय. बहिणीला मारणारा समोर आहे, हातात पिस्तूल आहे, कोणी बघत नाहीये, आणि हा माणूस गेली वीस वर्षं क्षमेच्या गोष्टी ऐकत मोठा झालाय. तिथे लेखकाने प्रामाणिकपणा दाखवला तर असा ताण उभा राहतो जो मी दुसऱ्या कुठल्या डिटेक्टिव्ह कथेत अनुभवला नाही. देवावर रागावलेली माणसं ह्यात खूप असतात, आणि तो राग खोटा वाटत नाही.

एक सांगते. २०१९ च्या पावसाळ्यात बाबांना बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ठेवलं होतं, सोळा दिवस. रात्री मी बाहेरच्या बाकावर. पिशवीत आंटीचं एक पुस्तक होतं, कव्हर फाटलेलं, त्यामुळे नाव आजही माहीत नाही. त्यात एका प्रसंगात नायिका गोदामात लपलीय, तो माणूस तिला शोधत खोकी बाजूला सारत येतोय, फोन बंद पडलाय. ती एका ओळीची प्रार्थना करते. पावलं येतच राहतात. मग ती हळूच बूट काढून हातात घेते, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून. बस एवढंच, पुढचं वाक्य पुन्हा पावलांचं. मी पुस्तक मिटलं आणि आत जाऊन बाबांच्या पायांना तेल लावत बसले. त्या सोळा दिवसांत मी सुद्धा मंगेशाकडे काय काय मागत होते आणि काहीच होत नव्हतं आणि मला वाटायचं माझंच मागणं कमी पडतंय. ती बूट काढणारी बाई मला त्या रात्री फार जवळची वाटली, तिचा देव कुठला ह्याचा विचारही मनात आला नाही. बाबा त्यानंतर दीड वर्ष होते.

आता न आवडणारं पण लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळंच गोड आहे. ह्या कादंबऱ्यांत एक ठरलेली अडचण असते, हिरो किंवा हिरॉइन दोघांपैकी एक श्रद्धावान आणि दुसरा नाही, आणि जोपर्यंत दुसऱ्याला श्रद्धा मिळत नाही तोपर्यंत लग्न नाही. बायबलमध्ये करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वास न ठेवणाऱ्याबरोबर एका जुवाखाली जाऊ नका असं आहे, त्यावर हे सगळं उभं असतं. आपल्याकडे पत्रिकेवरून अडतं तसं तिथे श्रद्धेवरून. चांगला लेखक ह्याचं दुःख करून दाखवतो, तो माणूस मनातून तिला सोडून द्यायला तयार होतो आणि आपल्याला पोटात तुटतं. पण वाईट लेखकाला फक्त शेवट गाठायचा असतो, मग दोनशेव्या पानावर गोळी लागते, हॉस्पिटलमध्ये डोळे उघडतात आणि माणूस बदललेला. ते मला पटत नाही. माझ्या मावसबहिणीचं लग्न चांदोरच्या कॅथलिक मुलाशी झालंय, चवथीला तो माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायला सगळ्यात आधी हजर असतो, नाताळात ती येशूजन्माचा गोठा करते, नेवऱ्या म्हणजे करंज्या दोन्ही सणांना होतात, आणि कोणी कोणाला बदललेलं नाही. हे समोर बघितलेल्या माणसाला ती दोनशेव्या पानावरची घाई खटकणारच. तुमच्या घरच्यांचं म्हणणं ह्या एका बाबतीत अगदी चूक नाही, काही पुस्तकं खरंच त्यासाठीच लिहिलेली वाटतात, ती ओळखू येतात आणि बाजूला ठेवता येतात.

सुरुवात कुठून करायची तर डी हेंडरसनची 'द निगोशिएटर' घ्या. ओ'मॅली नावाची सात भावंडं, पण रक्ताची नाहीत, अनाथाश्रमात एकत्र वाढलेल्या मुलांनी मोठं झाल्यावर एकच आडनाव घेऊन आपलं कुटुंब बनवलंय, आणि एकेका पुस्तकात एकेकाची गोष्ट. पहिलीतली केट शिकागोच्या पोलिसांत ओलीस ठेवलेल्यांना सोडवायची बोलणी करते, ती देव मानत नाही, आणि तिला एफबीआयचा जो माणूस भेटतो तो मानतो. मी वर म्हटली ती अडचण इथेही आहे, पण भावंडांचं प्रेम इतकं खरं आहे की त्यासाठीच मी ही मालिका दोनदा वाचलीय.

नुसता रोमान्स हवा असेल तर फ्रान्सीन रिव्हर्सची 'रिडीमिंग लव्ह', १९९१ ची. बायबलमधला होशेय नावाचा संदेष्टा, त्याला देव सांगतो वेश्येशी लग्न कर, ती पळून जाते, तो तिला परत आणतो, ही जुनी गोष्ट उचलून कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसं धावत होती त्या काळात नेलीय. पण आधीच सांगते, लहान मुलीवरच्या अत्याचाराचे प्रसंग आहेत त्यात, मला मध्ये चार दिवस बाजूला ठेवावी लागली. मन हलकं असेल तेव्हाच घ्या. एवढं जड नको असेल तर बेव्हर्ली लुईसची 'द शनिंग' बघा, पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांची, जे घोडागाडीने फिरतात आणि नियम मोडला तर माणसाशी व्यवहार तोडतात. वाळीत टाकणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि घरच्यांना एक सांगा, हे बाहेरून आलेलं खूळ नाहीये. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत जिचं नाव पाठ केलं ती 'यमुनापर्यटन', १८५७ ची, लिहिणारे बाबा पदमनजी, बेळगावात जन्मलेले, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, जागोजागी विधवांचे हाल बघते, आणि मग तीच वेळ तिच्यावर येते. ती मी ह्या अमेरिकन पुस्तकांनंतर वाचली आणि मला ती एकदम ओळखीची वाटली, कारण तिथेही श्रद्धा आणि बाईचा जीव एकाच दोरीला बांधलेत. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, इथून जवळ राय्तूरला फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना त्या जागी ऐकायला गोष्टच हवी होती. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतली पहिली कादंबरी, १९११ ची 'क्रिस्तांव घराबो', हिचं तर नावच ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. आणि गंमत म्हणजे आंटी 'रोमांस' म्हणते तेव्हा तिला प्रेमकथा म्हणायचंच नसतं, कोंकणीत पोर्तुगीजमधून आलेला तो शब्द कादंबरीलाच वापरतात, तिच्या लहानपणी तिचे पप्पा मुंबईहून येताना रेजिनाल्ड फर्नांडिसचे छोटे छोटे रोमांस आणायचे, त्या माणसाने शंभराहून जास्त लिहिलेत, आणि रात्री कंदिलाशी एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ही सवय तिथून आहे हे तिने मला पाचसहा वर्षांनी सांगितलं.

मुलगा आता बोटीवर जात नाही, मडगावातच धंदा करतो, त्यामुळे नवीन पुस्तकं यायची बंद झाली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी संध्याकाळी वर जाते आणि एक प्रकरण वाचून दाखवते, अर्थ अडला तर कोंकणीत सांगते, आणि ती मध्येच थांबवून खुनी कोण ते बोलते, पुष्कळ वेळा बरोबर निघतं. तुमच्या मैत्रिणीने दिलेली कुठली आहे तेवढं नाव लिहा. आमच्या पिशवीत असेल तर ह्या आठवड्यात तीच काढू.