बाप नाही म्हणून पोरगं बिघडलं का?

"मॅडम, वडील नाहीत घरात म्हणून असा झालाय का हो तो?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच एकट्या आयांचा पहिला प्रश्न हाच. त्यातली एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

ताई नर्स, शिफ्ट ड्युटी, घटस्फोट झालेला, मुलगा पाचवीत. वर्गात पोरांना ढकलतो, घरी मोबाईल काढून घेतला की हाताला येईल ते फेकतो आणि वर म्हणतो तुझ्यामुळेच बाबा गेले. नातेवाईकांचं एकच, पुरुषाचा धाक पाहिजे.

मी त्यांना फक्त आदल्या दिवशीची संध्याकाळ सांगायला लावली. ड्युटीवरून दमून आल्या, अभ्यास सोडून मोबाईल चाललेला, एक रट्टा दिला, मोबाईल कपाटात, मग त्याने घर डोक्यावर घेतलं, शेजारी काय म्हणतील, त्यात बिचाऱ्याला आधीच बाप नाही असं मनात आलं आणि दहा मिनिटांत मोबाईल परत, वर पिझ्झा पण. पोरगं शांत झालं, आईलाही सुटल्यासारखं वाटलं, पण शिकला काय तो, की जोरात ओरडलं की मिळतं! अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हेच चक्र १९८२ मध्ये मांडलंय आणि ते आईबाप दोघं असलेल्या घरातही चालतं बरं का.

मानसशास्त्रज्ञ मेविस हेदरिंग्टन यांनी घटस्फोटित कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात साधारण २० ते २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी दिसल्या, आईवडील एकत्र असलेल्या घरांत १० टक्के. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण बहुतेक मुलं नीट वाढतात, हे मी प्रत्येक आईला आवर्जून सांगते.

आम्ही नियम दोनच ठेवले. मोबाईल जेवणानंतर अर्धा तास, आणि वस्तू फेकली तर दुसऱ्या दिवशी नाही. मार बंद. नाही म्हटलं की नाहीच, पण आवाज न चढवता. घरी आल्यावर आधी पंधरा मिनिटं फक्त त्याच्याशी गप्पा, अभ्यासाचा विषय नाही. आजी गुपचूप स्वतःचा फोन द्यायची, तिलाही बोलावून समजावलं. आणि "आता तूच घरातला कर्ता" हे वाक्य कडकडीत बंद, कोर्टाच्या तारखा नि पैशांची काळजी दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर कशाला?

पहिल्या आठवड्यात त्रास वाढला, असं होतंच, कारण जुनी युक्ती चालेना म्हणून मूल आणखी जोर लावतं, नेमक्या इथेच आया माघार घेतात. ताईंनी घेतली नाही. नाईट असली की मावशी येऊन राहायची, तिलाही हेच नियम. दोनेक महिन्यांत फेकाफेक थांबली, शाळेतल्या तक्रारी कमी झाल्या, बाबांचा विषय निघाला की अजून चिडतो, त्यावर त्याच्याशी वेगळे सेशन चालू आहेत.

मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरायच्या गोष्टी बोलत असेल तर मात्र घरचे उपाय करत बसू नका, लगेच बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि तुम्हालाच कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन १४४१६ फुकट आहे.