माळ घातली, पण विठ्ठल लांब वाटतो

माउली, माळ घालून वर्ष होत आलं आणि आता हरिपाठ म्हणताना आत काहीच हलत नाही म्हणालात. घाबरू नका. माळ मात्र काढू नका.

माझ्या चौथ्या वारीत असंच झालं होतं. सासवडच्या पुढे पाय चालत होते, टाळ वाजत होता, आतून कोरडा ठणठणीत. दिंडीतल्या एका आजींनी चेहरा पाहूनच ओळखलं. म्हणाल्या, "मग त्यालाच सांग की!"

तेच तुम्हाला सांगतो. देवाशी भांडा. तुकोबांच्या गाथेत अशी भांडणं किती आहेत! १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यांनी दुःख लपवलं नाही, विठ्ठलाला थेट जाब विचारला. मला तर हे रागावणंही नामस्मरणच वाटतं. जो नाहीच, त्याच्यावर कोण रुसेल?

आणि हरिपाठ सध्या एकट्यानं म्हणू नका. संध्याकाळी देवळात चार माणसं बसतात, त्यांच्यात बसा. आपला आवाज अडला तरी ती ओढून नेतात. आज काही जाणवलं का, हे रोज तपासू नका. पेरलेलं उकरून बघितल्यासारखं होतं ते.

रात्ररात्र झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. भक्ती कमी पडली म्हणून ते होत नाही.

कार्तिकीला मी पंढरपुरात आहे. नामदेव पायरीपाशी या, दोघं मिळून कळसाला हात जोडू.