बी. फार्मच्या पहिल्या वर्षाला असताना मेडिकलवर पार्ट टाइम काम जमेल का?

जमेल, पण तुम्ही लिहिलंय तसं नाही. गेवराई तालुक्यातून संभाजीनगरला येऊन रूम करायची, रोज संध्याकाळी पाच ते दहा मेडिकलवर थांबायचं, आणि हा अनुभव पुढे डिग्रीत धरला जातो असं सीनियरनं सांगितलंय, असा तुमचा बेत दिसतो. यातले तास जास्त आहेत, वेळ जुळणारी नाही आणि अनुभवाची गोष्ट खरी नाही. आठवड्याला पंधरा तासांपर्यंतचं काम, तेही पहिली सेशनल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) उरकल्यावर धरलेलं, झेपू शकतं. पाच तास रोज म्हणजे आठवड्याचे सहा दिवस धरले तरी तीस तास होतात.

आधी कॉलेजचे तास बघा. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात पहिल्या सेमिस्टरला लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून आठवड्याला ३२ तास आहेत, ट्युटोरियलचे ४ वेगळे. तुम्ही बारावीला बायोलॉजी घेतलेली नाही, म्हणजे रेमेडियल बायोलॉजीचे (न घेतलेला विषय भरून काढण्याचे) २ तास आणि तिच्या प्रॅक्टिकलचे आणखी २. झाले ४०. (बायोलॉजी होती पण गणित नव्हतं अशांना रेमेडियल मॅथ्सचे फक्त २ तास असतात.) बीए-बीकॉमचा रूममेट दुपारी एकला मोकळा होतो तसे तुम्ही होणार नाही. ॲनाटॉमी, ॲनालिसिस, फार्मास्युटिक्स आणि इनऑरगॅनिक या चारही विषयांचं प्रॅक्टिकल दर आठवड्याला ४ तासांचं. ते दुपारच्या सत्रात असेल तर सुटायला पाच-साडेपाच होतात. त्यात टायट्रेशनचा एंड पॉइंट हुकला की बाकीची बॅच घरी गेली तरी तुम्ही ब्युरेटपाशीच. अशा दिवशी पाचला दुकानात पोचायचं कसं?

आता हजेरी. नियम ८० टक्क्यांचा आहे, आणि तो प्रत्येक विषयाला, थिअरीला वेगळा आणि प्रॅक्टिकलला वेगळा लागतो. एकूण सरासरी बरी आहे म्हणून सुटका होत नाही. लेक्चरच्या बाबतीत थोडी ढील असते, पण प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदाच होतं. सेमिस्टरमध्ये एका विषयाची १५ प्रॅक्टिकल झाली तर १२ ला हजर असावं लागतं, म्हणजे हातात तीनच खाडे. त्यातला एक दिवाळीला गावाकडून उशिरा निघाल्यामुळे जातो, एक तापात जातो. मराठवाड्यात तिसरा कुठं जातो ते तुम्हाला माहीतच आहे: सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी नेमकी या सेमिस्टरच्या तोंडावर येते आणि घरून फोन येतो. दुकानदारासाठी प्रॅक्टिकल बुडवायला एकही खाडा शिल्लक राहत नाही. म्हणून काम धरण्याआधी घरी स्पष्ट सांगा की शेताच्या कामाला रविवारीच येईन, आणि त्या रविवारी दुकानातून सुटी मिळेल का हेही दुकानदाराला विचारून ठेवा.

हजेरीचे मार्कही आहेत. थिअरीत ९५ टक्क्यांच्या पुढं हजेरी असेल तर ४ पैकी ४, आणि ८० ते ८४ मध्ये असेल तर १. एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. पण इंटर्नल (कॉलेजनं द्यायचे मार्क) २५ चं आणि विद्यापीठाचा पेपर ७५ चा, दोन्ही मिळून ५० हवेत. इंटर्नलला १८ असतील तर पेपरात ३२ पुरतात, १० च असतील तर ४० लागतात. इनऑरगॅनिकच्या पेपरात हे आठ मार्क म्हणजे जवळजवळ एक मोठा प्रश्न. इंटर्नलमधले १५ दोन सेशनलच्या सरासरीवर मिळतात. कामामुळे एक सेशनल बुडाली तर सरासरी थेट निम्म्यावर येते. सुधारायची संधी मिळते, पण एकदाच.

काम करणाऱ्या मुलांची खरी अडचण मात्र जर्नलमध्ये होते. चार विषयांची चार जर्नल, दर आठवड्याला चार प्रॅक्टिकल लिहायची. नीट लिहायला प्रत्येकाला सव्वा ते दीड तास जातो. रात्री साडेदहाला रूमवर आल्यावर ते होत नाही. दोन आठवडे साचतात, सही राहते, मग सबमिशनच्या आधी तीन रात्री जागून दुसऱ्याचं जर्नल उतरवायचं आणि व्हायव्हाला क्लोराइडच्या लिमिट टेस्टमध्ये नायट्रिक ॲसिड कशाला घालतात ते सांगता यायचं नाही. यावर साधा उपाय आहे. एम (प्रयोगाचा उद्देश), प्रिन्सिपल आणि प्रोसिजर हा भाग आदल्या रविवारीच चारही जर्नलमध्ये लिहून ठेवा. कोणतं प्रॅक्टिकल कधी आहे हे लॅबच्या यादीवरून कळतं. प्रयोगशाळेत फक्त ऑब्झर्व्हेशन, कॅल्क्युलेशन आणि रिझल्ट भरायचा आणि तिथंच सही घ्यायची. हिमोग्लोबिन, ब्लीडिंग टाइम, ब्लड ग्रुप अशी ॲनाटॉमीची प्रॅक्टिकल लवकर उरकतात, तेव्हा उरलेल्या वेळात बाहेर चहाला न जाता जर्नल पूर्ण करा. तुमचा रविवारचा सकाळचा वेळ या लिखाणाला बांधलेला आहे असं समजा. त्या वेळेचं काम कितीही पैशाचं असलं तरी घेऊ नका.

आता मेडिकलबद्दल. फार्मसी ॲक्ट १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची नोंदणी झालेली नसते. कॉलेजचं ओळखपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. कितीतरी दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं लटकलेलं असतं आणि काउंटरवर दुसराच उभा असतो, हे आपल्याकडं कुणाला नवीन नाही. औषध निरीक्षक आला तर त्या वेळी काउंटरवर जो असेल त्याच्यावरही येतं. त्यामुळे कामाला जाण्याआधी एकच चौकशी करा: फार्मासिस्ट संध्याकाळी स्वतः दुकानात बसतो का? बसत नसेल तर ते काम सोडून द्या, पगार चांगला असला तरी. बसत असेल तर तुमचं काम काउंटरच्या मागचं ठरवून घ्या.

काउंटरच्या मागं शिकण्यासारखं बरंच आहे. माल आला की बिलाशी नग, बॅच नंबर, एक्सपायरी आणि एमआरपी ताडून बघायची, दहावर एक अशी स्कीम असेल तर फ्रीचा नग आला का ते पाहायचं, मग सॉफ्टवेअरमध्ये एंट्री. इथं बॅचचा एक अंक चुकला तर तेव्हा कुणाला कळत नाही. पुढं तो माल एक्सपायरीत परत पाठवताना बॅच बिलाशी जुळत नाही आणि होलसेलवाला क्रेडिट नोट अडवतो. म्हणून बॅच नंबर बिलावरून टाइप करू नका, खोका हातात घेऊन त्यावरचा वाचा. दर महिन्याला रॅक तपासून पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल वेगळा काढायचा आणि नव्या मालाच्या पुढं जुना लावायचा. इन्सुलिनसारखा २ ते ८ डिग्रीचा माल आला की बिल नंतर, फ्रीज आधी. उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रीजचं दार उघडायचं नाही, एवढं तरी पहिल्या दिवशी विचारून घ्या. एच-१ या सरकारी यादीतल्या औषधांचं (सेफिक्झिम, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम वगैरे) रजिस्टर वेगळं असतं. त्यात डॉक्टर, पेशंट, औषध आणि नग लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. ते फार्मासिस्टनं लिहावं, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. फार्मास्युटिक्सच्या पेपरात प्रिस्क्रिप्शनचे भाग, लहान मुलांचा डोस, सस्पेन्शन, ड्राय पावडर, लिनिमेंट, लोशन हेच येतं. समोर शेल्फवर असल्यामुळे ते पाठ करावं लागत नाही. ॲनालिसिस आणि इनऑरगॅनिकला मात्र दुकानाचा काडीचाही उपयोग नाही.

एक प्रसंग हमखास येईल. फार्मासिस्ट आत गेलाय आणि ओळखीचा माणूस म्हणतो, "भाऊ, पोराला जुलाब लागलेत, दोन गोळ्या दे की." तुम्ही फार्मसीला आहात हे त्याला माहीत असतं, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. तरी "सर आलेत की देतो" एवढंच म्हणायचं.

वेळेचं म्हणाल तर दवाखान्यांची संध्याकाळची ओपीडी सहा ते नऊ, म्हणजे मेडिकलची गर्दी तीच. दुकानदाराला माणूस नेमका तेव्हाच हवा असतो आणि पुढं कॅश जुळवून शटर पडेपर्यंत सोडवत नाही. सुटायची वेळ साडेआठ अशी आधीच ठरवा, आणि "थोडं थांब" दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झालं तर तिथंच बोला. मेस नऊ-साडेनऊला बंद होते, डबा काढून ठेवायला सांगा. नाहीतर रोज वडापाव, आणि पगारातले पैसे त्यातच. घाटीच्या (सरकारी दवाखान्याच्या) आसपासच्या रात्रभर चालणाऱ्या दुकानांत नाइटला माणूस लागतो, पैसेही बरे वाटतात, पण सकाळच्या लेक्चरला तुम्ही झोपणार. वाळूज एमआयडीसीच्या आठ तासांच्या शिफ्टचंही तेच.

पगार महिन्यावर ऐकू नका, तासावर काढा. समजा दुकानदार ५,००० म्हणाला, रोज पाच तास, २६ दिवस. झाले १३० तास, म्हणजे तासाला ३८ रुपये. आता समजा शिकवणीला आठवी-नववीची सहा मुलं, प्रत्येकी ५०० रुपये, रोज दीड तास, महिन्यात २४ दिवस. ३,००० रुपये, पण ३६ तासांत, तासाला ८३. पैसे कमी दिसतात, जवळपास शंभर तास मात्र वाचतात. बारावी नुकतीच झाल्यामुळे गणित-विज्ञान तुमचं ताजं असतं, आणि शाळेच्या परीक्षा तुमच्या परीक्षांवर आदळणार नाहीत एवढं बघून वेळापत्रक लावता येतं. माझं मत विचाराल तर पहिल्या सेमिस्टरला शिकवणीच, मेडिकल दुसऱ्या वर्षापासून. अभ्यासिकेत संध्याकाळी टेबलवर बसायचं काम मिळालं तर ते सगळ्यांत उत्तम. पैसे थोडे, पण फी घेणं आणि कुलूप लावणं सोडून बाकी वेळ तुमचाच.

काम शोधण्याआधी कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलवर एकदा जाऊन या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असे अर्ज भरले जातात. अनुसूचित जातीतल्या आणि वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बहीण असेल तर तिच्या उपयोगाचं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, खातं जोडलेलं नसेल तर मंजूर होऊनही अडकतात. ते बँकेत जाऊन आधी करून घ्या. निर्वाह भत्ता मिळाला तर कदाचित पंधरा तासांचंही काम लागणार नाही.

सीनियरच्या सांगण्याबद्दल. बी. फार्मचं ट्रेनिंग सहाव्या सेमिस्टरनंतर असतं, चार आठवड्यांत किमान १५० तास. डी. फार्मचं (फार्मसी डिप्लोमाचं) ५०० तासांचं, दुसऱ्या वर्षानंतर. पहिल्या वर्षात मेडिकलवर काढलेले तास यातल्या कशातही धरत नाहीत. सीनियर कदाचित डी. फार्मचं काहीतरी अर्धवट ऐकून बोलला असेल.

विषय राहिले तर काय? पहिल्या तीन सेमिस्टरचे राहिलेले विषय चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंत ओढत नेता येतात, म्हणून मुलं निर्धास्त राहतात. पण पहिल्या दोन सेमिस्टरचा एकही विषय बाकी असेल तर पाचव्या सेमिस्टरला बसू देत नाहीत, आणि इयर डाऊन होतं ते इथं. वर्षभराची रूम आणि मेस यांचा खर्च मेडिकलच्या कितीतरी महिन्यांच्या पगाराएवढा होतो.

दुकानदाराशी बोलताना पगाराआधी तारखा काढा. कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा: दोन्ही सेशनलचे आठवडे सुटी, विद्यापीठाच्या परीक्षेआधी तीन आठवडे आणि परीक्षा संपेपर्यंत सुटी, त्या बदल्यात परीक्षा संपल्यावर पुढचं सेमिस्टर सुरू होईपर्यंत पूर्ण वेळ येईन. याला हो म्हणणारा मालक मिळतो, कारण सुटीत बाकीची पोरं गावी गेलेली असतात आणि त्याला माणूस लागतोच. "ते परीक्षेच्या वेळी बघू" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.