'सारखा' दिसला की उपमा?

"पाठ सगळं असतं हो, पण ओळ समोर आली की अलंकार ओळखता येत नाही." दहावीच्या पालकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की त्यांचा पुढचा प्रश्नही मला ठाऊक असतो: एकाग्रता कमी पडते का? बहुतेक वेळा नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली एक मुलगी आठवते (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत). वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून तेही तिच्यासोबत माझ्याकडे यायचे. वहीच्या मागच्या पानावर लाल शाईत तक्ता होता: सम, सारखा, परी म्हणजे उपमा, जणू, गमे, भासे म्हणजे उत्प्रेक्षा. व्याख्या विचारा, एका दमात म्हणून दाखवायची.

मी कागदावर एक ओळ लिहिली: 'पाऊस सारखा पडतो कौलांवरती.'

"उपमा."

"कशावरून?"

"'सारखा' आहे ना!"

"बरं. पावसाची तुलना कशाशी केलीय?"

ती बराच वेळ ओळीकडे बघत राहिली. बोट 'सारखा'वरून 'कौलांवर' गेलं, परत आलं. मग ओशाळून हसली. "कशाशीच नाही. हा सारखा म्हणजे सतत."

तिने ती ओळ तेव्हा पहिल्यांदा वाचली. तोवर ती ओळीत फक्त खूण शोधत होती, कारण चुकायची धास्ती अर्थापर्यंत पोचूच देत नव्हती. पाठांतर वाढवून ही धास्ती जात नाही, या मतावर मी ठाम आहे. काही शिक्षकमित्र माझ्याशी यावरून भांडतात. भांडोत.

पुढच्या भेटींत तक्ता बंद ठेवला. दोनच प्रश्न: बोलणं कशाबद्दल चाललंय (ते उपमेय), आणि त्याला कशाशी जोडलंय (ते उपमान)? मग त्या दोघांचं नातं बघायचं. तिने होडी आणि पाळणा घेतला. होडी पाळण्यासारखी डुलते: उपमा. होडी जणू पाळणाच: उत्प्रेक्षा. लाटांवरचा हा होडी-पाळणा, दोन्ही एकच: रूपक. ही होडी नव्हे, पाळणा आहे: अपन्हुती. पाळण्याहून होडीच झकास डुलते: व्यतिरेक. शेवटचं तिने न विचारता सांगितलं. त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होते, हे कबूल.

वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. निघताना खिडकीतून बघत म्हणाले, "दर्या आज रागावलाय."

"बाबा, चेतनगुणोक्ती!"

"मी? मी काय वाईट बोललो?"

निर्जीव दर्याला माणसाचा राग चिकटवला, हे तिने त्यांना समजावलं. माझ्यापेक्षा सोपं करून.

पालकांनो, घरात मूल जे ऐकतं त्यातूनच सुरुवात करा. 'तुझी जीभ म्हणजे कोयती' असं तुम्ही रागाने म्हणता तेव्हाही रूपकच बोलता. अलंकाराचं नाव शेवटी विचारा. आधी विचारा, ओळ काय सांगतेय? आणि उत्तरापुढे 'कारण' लिहायची सवय लावा. 'काळे कातळ किनारी कण्हती' अशा ओळीत 'क' पुन्हापुन्हा येतो म्हणून अनुप्रास आहे आणि कातळ कण्हतात म्हणून चेतनगुणोक्तीही. तिथे मूल अडखळलं तर त्याला रागावू नका, दोन्ही लिहायला सांगा, प्रत्येकाच्या कारणासकट.