करिंग शिकताना गल्लत कुठे होते

प्रोग्रॅमिंगमधलं करिंग शिकताना गोंधळ उडतो, असं तुम्ही म्हणालात. करिंग आणि पार्शल ॲप्लिकेशन या दोन गोष्टी तुम्ही एकच धरून चालला आहात, घोळ तिथेच आहे. करिंग म्हणजे अनेक आर्ग्युमेंट्स (फंक्शनला पुरवायच्या किमती) घेणाऱ्या फंक्शनला एकेक आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनांच्या साखळीत बदलणं. पार्शल ॲप्लिकेशन म्हणजे काही आर्ग्युमेंट्स आत्ताच भरायची आणि उरलेल्यांसाठी नवं फंक्शन घ्यायचं. पायथनमध्ये करिंग आपोआप होत नाही, तरी त्याच्या फंकटूल्स या मॉड्यूलमधलं, पार्शल ॲप्लिकेशन करणारं 'पार्शल' खुशाल वापरता येतं.

हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रत्येक फंक्शन मुळात एकच आर्ग्युमेंट घेतं. म्हणून 'मॅप'ला (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनला) नुसतं (+ 3) दिलं की यादीतल्या प्रत्येक आकड्यात 3 मिळवले जातात. पण (- 3) लिहून वजाबाकी होईल असं समजू नका, तो उणे तीन हा आकडा ठरतो. तिथे 'सबट्रॅक्ट 3' लिहायचं. (भाषेतली ही खोड मला आजही आवडत नाही.)

एखादं आर्ग्युमेंट राहिलं तर ती हॅस्केलच्या लेखी चूकच नसते, त्यामुळे एरर भलत्याच ठिकाणी उगवते. उत्तर छापायला जाल तर 'शो'चं इन्स्टन्स नाही, म्हणजे ही गोष्ट मजकूर म्हणून दाखवता येत नाही, अशी तक्रार येईल, कारण हाती उत्तराऐवजी फंक्शनच उरलेलं असतं. घाबरू नका, त्याच मेसेजमध्ये पुढे फंक्शनला आर्ग्युमेंट्स कमी दिलीत का, अशी शंका जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) बहुधा काढतो. ती ओळ आधी वाचा.

स्वतःची फंक्शन्स लिहिताना क्वचित बदलणारं आर्ग्युमेंट आधी ठेवा, डेटा शेवटी. जावास्क्रिप्टमध्ये मात्र करिंगचा अट्टहास नको. साधं ॲरो फंक्शन (=> वापरून लिहिलेलं छोटं फंक्शन) टीममधल्या इतरांनाही पटकन वाचता येतं.